मुलाच्याच वजनावर पुढे चालणारा डोलता घोडा: मापं, स्प्रिंग, चाकं आणि चुका

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी डोलता घोडा करायचा आहे, पण तो जागच्या जागी न डोलता मुलाच्या हालचालीवर पुढे सरकला पाहिजे. मोटर नको, पॅडल आणि साखळी नको. हे जमेल का, आणि जमलं तर मापं काय धरावीत?

जमेल. त्यासाठी दोन गोष्टी साधाव्या लागतात. एक, जमिनीला पुढे आणि मागे यांतला फरक कळला पाहिजे, म्हणजे चाक पुढे फिरेल पण मागे फिरणार नाही. दोन, मुलाच्या वजनाला टेकायला दोन जागा हव्यात आणि त्या दोन जागांचा परिणाम एकमेकांच्या उलट हवा. पहिली गोष्ट बहुतेकांना लगेच सुचते. दुसरी सुटते, आणि मग घोडा नुसता वरखाली हलतो.

आधी साध्या कमानीच्या घोड्याबद्दल, कारण बरेच जण त्यालाच चालवायला बघतात. लाकडी कमानीवरचा घोडा फरशीवर लोळतो, म्हणजे जितका पुढे लोळतो तितकाच परत येतो. मूल आतल्या आत कितीही जोर करो, बाहेरून ढकलणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे जमिनीचं घर्षण, आणि कमानीखाली ते दोन्ही दिशांना सारखंच असतं. मुलाने एकीकडे हिसका दिला आणि दुसरीकडे हळू आलं, तर कमान थोडी घसरते आणि घोडा सरकतो खरा, पण वाकडातिकडा, भिंतीच्या नाहीतर पायरीच्या दिशेने. हे सरकणं गुण नव्हे, दोष मानला गेला. १८८० साली सिनसिनाटीच्या मार्क्वा यांनी पेटंट घेतलेली स्थिर बैठक, जिच्यावर घोडा लोखंडी पट्ट्यांना टांगून झुलतो, ती लोकप्रिय झाली त्यामागे हेही एक कारण होतं.

कमानीचं एक गणित मात्र ठेवणीत असू द्या. कमानीची त्रिज्या १.२ मीटर आणि मूल धरून गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटरवर असेल, तर एक डोल साधारण २ सेकंदांचा येतो. गुरुत्वमध्य त्रिज्येच्या जितका जवळ जाईल तितका डोल मंद होत जातो, आणि त्रिज्येच्या वर गेला की घोडा उलटतो.

डोलणं हवंच असेल तर एक सोपा मार्ग आहे. टांगलेला किंवा कमानीवरचा घोडा चार चाकांच्या गाड्यावर बसवा आणि चारही चाकं एकदिशा करा. बस, एवढंच. मूल मागे झुकलं की गाडा पुढे ढकलला जातो आणि चाकं फिरतात. पुढे झुकलं की गाडा मागे जाऊ बघतो आणि चाकं अडतात. झुलणारं वजन २७ किलो, झोका दोन्ही बाजूंना ८० मिमी आणि आवर्तन १.६ सेकंदांचं धरलं, तर गाड्याला कमाल ३३ न्यूटन ढकल मिळते. गुळगुळीत फरशीवर ३५ किलोच्या एकूण वजनाला लोळण्याचा विरोध ७ न्यूटन असतो, म्हणजे गाडा मजेत जातो. गालिच्यावर तोच विरोध २७ न्यूटनच्या घरात जातो आणि गाडा जेमतेम हलतो. शिवाय दर झोक्याला चाकं एकदम अडतात, तो धक्का मुलाच्या पाठीला जाणवतो. चालेल, पण मला ही रचना फारशी पसंत नाही.

माझी शिफारस पाय फाकवणाऱ्या घोड्याची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये आलेला मोबो ब्रॉन्को हा पत्र्याचा घोडा रिकिबी दाबून पुढे जायचा, तो याच घराण्यातला. धडाला पुढच्या पायांची एक चौकट आणि मागच्या पायांची एक चौकट बिजागरीवर टांगलेली असते. प्रत्येक पायाखाली एकदिशा चाक. मूल खोगिरावर बसलं की धड खाली येतं आणि पाय फाकतात: मागची चाकं मागे जाऊ शकत नाहीत, म्हणून पुढची पुढे जातात. मूल रिकिबीत उभं राहिलं की स्प्रिंग पाय जवळ ओढते: आता पुढची चाकं मागे येऊ शकत नाहीत, म्हणून मागची पुढे येतात. एका बसण्या-उठण्यात घोडा एक पाऊल पुढे.

मापं अशी धरा. बाजूने पाहता बिजागरीपासून चाकाच्या आसापर्यंत पाय ४२० मिमी. दोन बिजागऱ्यांत अंतर २०० मिमी. पाय मिटलेले असताना उभ्या रेषेशी कोन २२ अंश, फाकलेले असताना ३१ अंश. यातून पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मिटल्यावर ५१५ आणि फाकल्यावर ६३३ मिमी येतं. फरक ११८ मिमी. हेच एक पाऊल. धड त्याच वेळी २९ मिमी खाली येतं. चाकं १०० मिमी व्यासाची घेतली आणि खोगीर बिजागरीच्या वर ७० मिमी ठेवलं, तर बसण्याची उंची ४८० ते ५१० मिमीच्या दरम्यान राहते.

हे कोन का, तर पाय जितके उभे तितकं पाऊल लांब, पण जोर कमी. १० ते १९ अंश घेतले तर पाऊल १२८ मिमी मिळतं आणि धड फक्त १६ ते १७ मिमी उतरतं; मुलाला काही केल्यासारखं वाटत नाही आणि चाकांमधलं अंतर मिटल्यावर ३४६ मिमीच उरल्याने घोडा पुढे-मागे उलटायला बघतो. ३५ अंशांच्या पुढे गेलात तर उलट होतं: धड खूप उतरतं, पाऊल लहान होतं आणि परत उचलायला राक्षसी स्प्रिंग लागते. २२ ते ३१ हा मधला पट्टा आहे.

आता मुख्य मुद्दा, रिकिबी. रिकिबी धडाला लावल्या तर घोडा चालणार नाही. मूल खोगिरावर बसलं काय आणि धडाला लावलेल्या रिकिबीवर उभं राहिलं काय, वजन धडावरच येतं आणि तिथून पायांत उतरतं. स्प्रिंगला दोन्ही स्थिती सारख्याच. मुलाने जोरजोरात उसळ्या मारल्या तर थोडं काम होतं, पण दोन मिनिटांत ते दमतं. रिकिबी पुढच्या पायांच्या चौकटीला लावा, बिजागरीपासून २५० मिमी खाली. मग उभं राहिल्यावर वजन थेट पायावर येतं. ते पायाला खाली दाबतं, म्हणजे फाकण्याच्या उलट दिशेने, आणि स्प्रिंगच्या मदतीला धावतं. प्रमाण २५० भागिले ४२०, म्हणजे साधारण ०.६. रिकिबीत टाकलेल्या प्रत्येक किलोमागे फाकवणाऱ्या वजनातून ६०० ग्रॅम कमी होतात.

रिकीब अजून खाली नेली तर हे प्रमाण वाढतं, मग नेऊ का? नका. रिकीब पायाबरोबर पुढेही सरकते आणि खोगिरापासून इतकी लांब जाते की मुलाला तिच्यावर उभं राहताच येत नाही. खोगिराचा मध्य दोन बिजागऱ्यांच्या मध्यापासून ४० मिमी मागे ठेवला, तर वर दिलेल्या जागी रिकीब खोगिरापासून आडवी २५० मिमी आणि उभी २९० मिमी येते. सरळ अंतर ३८० ते ३९० मिमी. चार-पाच वर्षांच्या मुलाचा गुडघा बसल्यावर थोडा वाकलेला राहतो, आणि तसाच हवा, नाहीतर उठायला जोर कुठून येणार? २३० आणि २७० मिमीवर आणखी दोन भोकं ठेवली की मूल वाढलं तरी भागतं. लगाम म्हणून मऊ दोरी देऊ नका, मानेला घट्ट आडवी मूठ द्या. उठताना मूल मूठ वर ओढतं, त्याने धड हलकं होतं आणि पाय मिटायला मदत होते. दोरी ओढून हे होत नाही.

स्प्रिंगचा हिशेब २० किलोच्या मुलासाठी करून दाखवतो. धडाचं वजन ७ किलो धरा. स्प्रिंग पायाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून २१० मिमी खाली, पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये आडवी लावली, तर तोल धरायला लागणारी ओढ म्हणजे धडावरचं वजन गुणिले कोनाचा टॅन. बसलेल्या स्थितीत २७ किलो, म्हणजे २६५ न्यूटन: मिटलेल्या पायांना १०७, फाकलेल्या पायांना १५९ न्यूटन. उभं राहताना १५ किलो रिकिबीत गेले असं धरलं तर ९ किलो वजा होतात आणि १८ उरतात: मिटलेल्यांना ७१, फाकलेल्यांना १०६ न्यूटन. स्प्रिंग या दोन जोड्यांच्या मधोमध बसली पाहिजे, म्हणजे मिटल्यावर ८९ आणि फाकल्यावर १३२ न्यूटन. मधला प्रवास ५९ मिमी, म्हणून ताठरपणा ०.७३ न्यूटन प्रति मिमी.

दोन स्प्रिंगा वापरा, प्रत्येकी ०.३७ न्यूटन प्रति मिमीच्या. मिटलेल्या पायांत स्प्रिंगच्या दोन आकड्यांमधलं (हुकांमधलं) अंतर ३५७ मिमी असतं. स्प्रिंगची मोकळी लांबी २३५ मिमी असली, तर त्या अंतरावर तिची ओढ ४५ न्यूटन भरते. म्हणजे स्प्रिंग लांब आणि मऊ हवी, आधीच बरीच ताणून बसवलेली. इथे फार गफलत होते: आखूड, कडक स्प्रिंग लावली जाते, ती मिटलेल्या पायांत ढिली आणि फाकलेल्या पायांत दगडासारखी, आणि घोडा मध्येच कुठेतरी लटकून राहतो. ताणकाट्याने तपासा. एका स्प्रिंगला ३५७ मिमीपर्यंत ताणल्यावर काटा साडेचार किलोच्या थोडा पुढे आणि ४१६ मिमीला पावणेसातच्या आसपास दिसला पाहिजे.

मूल जड झालं की स्प्रिंग बदलायची गरज नाही. पायावर स्प्रिंगची भोकं खाली खाली पाडून ठेवा. दोन्ही पायांवर आकडा २५ मिमी खाली नेला की तरफ लांबते आणि स्प्रिंगही जास्त ताणली जाते. दोन्ही मिळून जोर सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो, मिटलेल्या आणि फाकलेल्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच. २० किलोवरून २८ किलोच्या मुलावर जायला नेमकं एवढंच लागतं. मध्ये १२ मिमीवर एक भोक ठेवलं की पुरे.

यातून एक कटू पण उपयोगी आकडाही निघतो. बसण्याची आणि उठण्याची ओढ यांतला सरासरी फरक ४४ ते ४५ न्यूटन, गुणिले ५९ मिमी: दर पावलाला २.६ जूल. घोड्याला पुढे न्यायला एवढीच शिदोरी आहे. फरशीवर ३५ किलोला एका पावलासाठी ०.८ जूल लागतात, उरलेले बिजागऱ्या आणि सांधे खातात, आणि घोडा छान चालतो. गालिच्यावर ३.२ जूल लागतात, म्हणून तो चालत नाही. विसात एक चढ असेल तर २.८ लागतात, तिथेही थांबतो. गवताचा विचार सोडा. गालिच्यावर घोडा अडला म्हणून स्प्रिंग बदलत बसण्यात अर्थ नाही. तिथे मोठी चाकं किंवा दुसरी जमीन हाच उपाय.

वेगाचंही आधीच सांगून ठेवतो. सेकंदाला एक उठबस झाली तर मिनिटाला ७ मीटर. चाकं पुढे मोकळी असल्याने सराव झालेलं मूल दोन पावलांमध्ये घोडा वाहू देतं, तेव्हा मिनिटाला ११ मीटरपर्यंत जातं. त्यापुढे नाही, कारण घोडा पायांच्या हालचालीपेक्षा वेगात असेल तर मागचं चाक अडतच नाही आणि ढकल मिळत नाही. लहान मुलासाठी हा वेग योग्यच आहे.

दोन चौकटी वेगवेगळ्या बिजागऱ्यांवर असल्यामुळे त्यांना एकमेकींशी बांधणारा दुवा लागतो. तो नसेल तर दोन्ही पाय एकाच दिशेला झुकतात आणि घोडा गुडघे टेकल्यासारखा नाकावर येतो. पुढच्या चौकटीला बिजागरीच्या ६० मिमी वर एक हात, मागच्या चौकटीला ६० मिमी खाली एक हात, आणि त्या दोन टोकांना जोडणारी तिरकी पट्टी. पाय मधल्या स्थितीत आणि हात उभे असताना पट्टीच्या भोकांमधलं अंतर २३३ मिमी. पुढचा पाय पुढे गेला की त्याचा वरचा हात मागे जातो, मागच्या पायाचा खालचा हातही मागे जातो, हिशेब जुळतो. या पट्टीची भोकं सैल ठेवू नका. ६० मिमीवर १ मिमी ढिलाई म्हणजे चाकाशी ७ मिमी. दोन्ही टोकांना पितळी बुश (भोकात बसणारी आखूड नळी) घाला, नुसता बोल्ट लाकडात फिरू देऊ नका. महिन्याभरात भोक लंबगोल होतं आणि घोडा डुगडुगतो.

डोलल्याचा भास हवा असेल तर मागचा हात ६० ऐवजी ४० मिमीचा करा आणि पट्टी त्यानुसार थोडी आखूड घ्या. मागचा पाय जास्त फाकतो आणि बसल्यावर धड दीड अंश मागे कलतं. थोडंसंच आहे, पण मानेच्या टोकाशी ते डोळ्यांना दिसतं आणि घोडा जिवंत वाटतो. मात्र मागच्या पायाचा थांबा (पायाला ठरावीक कोनावर अडवणारा ठोकळा) मग नव्याने लावावा लागेल.

चाकांकडे येऊ. एकदिशा चाक तीन प्रकारे करता येतं. दातेरी चकती आणि खटका हा सर्वांत सोपा, पण त्यात पाऊल वाया जातं. १०० मिमी चाकाचा परीघ ३१४ मिमी. चकतीला १२ दाते असतील तर खटका पडेपर्यंत चाक २६ मिमीपर्यंत मागे जाऊ शकतं. एका पावलात मागची आणि पुढची अशी दोनदा ही गळती होते, सरासरी दरवेळी अर्धी, म्हणजे ११८ मिमीतले २६ गेले. ३६ दाते घेतले तर ही गळती ९ मिमीच्या आत येते. दुसरा प्रकार उताराच्या खाचेतल्या रोलरचा. हाताने करायचा तर पाचरीचा कोन ६ ते ७ अंश ठेवा, ११ अंशांच्या पुढे रोलर अडकण्याऐवजी निसटतो. तिसरा, आणि माझ्या मते करावा असा, म्हणजे तयार रोलर क्लच बेअरिंग, शाफ्टवर एकाच दिशेला फिरणारं. १२ मिमी शाफ्टसाठी १८ मिमी बाहेरच्या व्यासाचं आणि १६ मिमी लांबीचं मिळतं. क्षमता किमान १० न्यूटन-मीटर पाहून घ्या. मूल धपकन बसलं की एका चाकावर ६ न्यूटन-मीटरपर्यंत पीळ येऊ शकतो.

या क्लचचे चार हट्ट असतात. त्याला कडक केलेला, घासून गुळगुळीत केलेला शाफ्ट लागतो. साध्या मऊ सळईवर रोलर चरे पाडतात आणि मग घसरतात. तो घोड्याचं वजन पेलण्यासाठी नसतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना ६००१ नंबरचं बॉल बेअरिंग द्या, १२ बाय २८ बाय ८ मिमीचं. त्याचं बाहेरचं कवच पातळ असतं आणि त्याला गोलाई हबकडूनच (चाकाच्या मधल्या भागाकडूनच) मिळते, म्हणून हबमध्ये स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाड रिंग हवी. नुसत्या प्लास्टिकच्या हबमध्ये ठोकलं तर ताणाखाली हब फुगतो आणि क्लच सुटतो. आणि वंगण पातळ तेलाचं द्या. घट्ट किंवा मॉलिब्डेनमचं ग्रीस भरलं की रोलर पकडायला उशीर करतात.

शाफ्ट पायाला पक्का अडकवा, ४ मिमीची पिन आरपार घालून. शाफ्टच फिरला तर क्लचचा उपयोग शून्य. चाकाला रबराची किंवा पॉलियुरेथेनची धाव असू द्या. कडक नायलॉनचं चाक फरशीवर धक्क्याला घसरतं, आवाज करतं आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडतं.

क्लच बसवण्याआधी त्याच्या तोंडावरचा बाण पाहा. डावीकडचं चाक जसंच्या तसं उचलून उजवीकडे लावलं की त्याची दिशा उलटते. चार चाकं सारखी बनवून मोकळं होणारे इथे फसतात: दोन चाकं पुढे जातात, दोन मागे, आणि घोडा जमिनीला खिळतो. प्रत्येक हबवर खडूने पुढची दिशा लिहा, मगच प्रेसमध्ये ठोका.

चौकटींसाठी २५ बाय २५ मिमीची, २ मिमी जाडीची चौकोनी नळी पुरते. लाकूडच हवं असेल तर ३० बाय ४५ मिमीचं, गाठी नसलेलं कठीण लाकूड घ्या. समोरून पाहता पाय वर २०० मिमी आणि खाली ४४० मिमी अंतरावर येऊ द्या. पाय असे तिरके असल्याने नळीची खरी लांबी ४३७ मिमी भरते. ४२० मिमी हे बाजूने दिसणारं माप आहे, कापताना गल्लत करू नका. प्रत्येक चौकटीला दोन आडव्या पट्ट्या हव्यात, एक बिजागरीजवळ आणि एक चाकांजवळ. खालची गाळली तर चौकट पिळते आणि घोडा एका बाजूला ओढला जातो. धड १८ मिमी प्लायवूडच्या दोन बाजूंची पेटी, बाहेरची रुंदी १६८ मिमी. बिजागरीला १२ मिमीचे बोल्ट, कॉलरवाले पितळी बुश आणि नायलॉनच्या कड्याचे नट. रिकिबीच्या खुंट्या २५ मिमी जाड आणि पायाच्या नळीच्या मध्यापासून ८० मिमी लांब.

या ८० मिमीमागे कारण आहे. मूल कधीतरी एकाच पायावर उभं राहणारच. खुंटीचा मध्य घोड्याच्या मध्यरेषेपासून २११ मिमीवर येतो आणि चाकं २२० मिमीवर असतात, म्हणून घोडा कलंडत नाही. खुंटी लांब केली किंवा चाकं आत घेतली की हा नियम मोडतो आणि घोडा बाजूला आडवा होतो.

जोडणीचा क्रम हा ठेवा: आधी चौकटी, मग धडाला बिजागऱ्या, मग दुवा, मग थांबे, आणि स्प्रिंग सर्वांत शेवटी. थांबे म्हणजे २२ आणि ३१ अंशांवर चौकटीला अडवणारे रबरी ठोकळे. स्प्रिंगशिवाय हाताने पाय मिटवून-फाकवून पाहा. धड स्वतःच्या वजनानेच सरसर खाली आलं पाहिजे. कुठे अडखळत असेल तर स्प्रिंगने ते झाकलं जाईल, सुधारणार नाही. बसण्याच्या आणि उठण्याच्या ओढीत फरकच मुळात ३६ ते ५३ न्यूटनचा आहे, त्यातले १५ कुरकुरणाऱ्या बिजागरीने खाल्ले तर उरलं काय?

मग दोन चाचण्या. पहिली वजनकाट्याची: पुढच्या चाकांखाली एक काटा, मागच्या चाकांखाली त्याच उंचीची फळी. मूल बसलेलं असताना ३५ किलोपैकी निम्मं, १७ ते १८ किलो, पुढे दिसलं पाहिजे. उभं राहिल्यावर पुढे २३ किलोच्या आसपास. बसलेलं असतानाच पुढे २१-२२ दिसत असतील तर घोड्याचं डोकं जड झालं आहे किंवा खोगीर पुढे सरकलं आहे.

दुसरी चाचणी खडूची. चारही चाकांच्या शेजारी फरशीवर रेघ ओढा. मुलाला एकदाच बसायला सांगा आणि पुन्हा रेघा ओढा; मग एकदाच उठायला सांगा आणि तिसऱ्यांदा ओढा. बसल्यावर पुढची चाकं ११८ मिमी पुढे आणि मागची जागच्या जागी, हे बरोबर. पुढची ९५ पुढे आणि मागची २३ मागे गेली असतील, तर मागच्या चाकांची पकड उशिरा बसते आहे. क्लच उघडून वंगण आणि शाफ्टवरचे चरे पाहा. एकच मागचं चाक मागे गेलं असेल तर त्याच एका क्लचचा दोष, आणि घोडा एका बाजूला वळतो तोही त्याचमुळे. पुढची फक्त ८० मिमी गेली आणि मागची हललीच नाहीत, तर पाय पूर्ण फाकतच नाहीत: स्प्रिंग कडक आहे किंवा दुव्यात काहीतरी अडतंय. बसल्यावर सगळं ठीक पण उठल्यावर मागची चाकं आली नाहीत, तर मूल मुठीवर रेलून उठतं आहे आणि वजन रिकिबीत जातच नाही. तेव्हा मूठ ३० ते ४० मिमी वर न्या, स्प्रिंगला हात लावू नका.

वळण्यासाठी पहिल्या घोड्यात काही करू नका. सुकाणू घातलं तर पुढच्या चाकांची खिळी, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती उभी सळई, पायाबरोबर ९ अंश कलते, आणि चाकं २० अंश वळवली तरी वळणाची त्रिज्या १.६ मीटर येते. मूल खाली उतरून घोडा फिरवून घेईल.

सुरक्षेत सगळ्यात आधी स्प्रिंग. ताणलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत ३ मिमीपेक्षा मोठी फट पडते आणि तिच्यात बोट किंवा कातडी चिमटते, म्हणून दोन्ही स्प्रिंगांवर कापडी किंवा चामडी नळी चढवा. स्प्रिंगचा आकडा तुटला तर पाय थेट थांब्यावर आदळतात, म्हणून चौकटींमध्ये नायलॉनचा पट्टाही बांधा, चाकांमधलं अंतर ६४० मिमीपुढे जाऊ न देणारा. हलणाऱ्या भागांमधली फट ५ मिमीपेक्षा कमी किंवा १२ मिमीपेक्षा जास्त असावी. मधल्या मापात लहान बोट शिरतं आणि अडकतं. वरच्या मापांत बिजागरीपाशी पायाची नळी आणि धड यांत ३.५ मिमी फट राहते, पण पाय तिरके असल्याने ती खाली वाढत जाते, तेवढा भाग खोगिराच्या जाड झालरीने झाका. मुलाला बसवण्याआधी खोगिरावर ५० किलोचं वजन पाच मिनिटं ठेवून जोड तपासा.

आणि ब्रेक द्याच. चाकं मागे अडतात म्हणून घोडा सुरक्षित आहे असं वाटतं, पण उतारावर तो पुढे बिनधास्त धावतो आणि त्याला थांबवणारं काही नसतं. मागच्या एका चाकाच्या धावेवर दाबणारा रबरी ठोकळा, मुठीपासून सायकलच्या ब्रेकची तार आणि लहान मुलांच्या सायकलचा ब्रेक लिव्हर, एवढं पुरे. तार धडातून मागच्या पायात उतरते तिथे पाय ९ अंश हलतो, त्यामुळे बिजागरीजवळ तारेच्या नळीला सैल वळण ठेवा, नाहीतर मूल बसलं की तार ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागेल आणि घोडा का चालत नाही ते शोधायला पुन्हा सगळं उघडावं लागेल.